वोक घ्यायचा तर कोणता? धातू, बूड आणि घरची शेगडी

वोक, म्हणजे उतरत्या बाजूंची खोल चिनी कढई, घ्यायचा विचार असेल तर धातूचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आधी आपली शेगडी बघा. हॉटेलातल्या वोक-बर्नरची ताकद ३० किलोवॉटच्या आसपास असते, कधी त्याहूनही जास्त. घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण ३ किलोवॉटचा आणि इंडक्शन शेगडी २ किलोवॉटच्या घरातली. म्हणजे फरक दहापटीचा. हॉटेलासारखी चव घरी का येत नाही, याचं मोठं उत्तर या आकड्यांत आहे आणि कितीही महागडा वोक आणला तरी ते बदलत नाही.

भाज्यांच्या बाबतीत हा फरक लगेच जाणवतो. कोबी, मशरूम, सिमला मिरची यांच्या वजनातला ९० टक्क्यांहून जास्त भाग पाणी असतो. १०० ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला साधारण २२६ किलोजूल ऊर्जा लागते. गॅसची निम्म्याहून अधिक आच भांड्याच्या बाजूने हवेत निघून जाते. भांड्यापर्यंत १.२ किलोवॉट पोहोचले असं धरलं, तरी तेवढं पाणी उडवायला तीन मिनिटं जातात. तोवर भाजी शिजून मऊ पडलेली असते. पाणी आहे तोवर भाजीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे जात नाही आणि खमंग तपकिरी रंग यायला सुरुवात होते १४० अंशांच्या आसपास. त्यामुळे पुढची सगळी तुलना मी एकाच कसोटीवर केली आहे: तुमच्याकडे जी आच आहे, ती हे भांडं वाया घालवतं की कामाला लावतं?

मुळात वोकच हवा का?

शेगडी सपाट इलेक्ट्रिक प्लेटची असेल आणि तुम्हाला मुख्यतः भाज्याच परतायच्या असतील, तर ३० सेंटिमीटरचा रुंद, जाड बुडाचा फ्राइंग पॅन वोकपेक्षा सरस ठरतो. त्याचं अख्खं बूड प्लेटला टेकतं, भाजी एका थरात पसरते, पाणी लवकर उडतं. वोकचा तळ अशा प्लेटला हाताच्या पंजाएवढाच टेकतो, वरच्या बाजू कोमट राहतात. वोक विकणारे हे सांगणार नाहीत, पण खरं आहे.

भात परतायचा असेल तर मात्र पारडं वोककडे झुकतं. पॅनमध्ये भात हलवला की शितं शेगडीभर होतात. वोकच्या उतरत्या बाजूंमुळे ढवळलेला भात आपोआप परत मध्यभागी येतो. शिवाय मधला तळ सर्वांत तापलेला आणि कडा त्यामानाने थंड, त्यामुळे झालेली भाजी बाजूला सारून मध्ये लसूण-आलं परतता येतं. आच गॅसची असेल तर ती बाजूंनाही थोडी चाटते आणि वोकचा पूर्ण फायदा मिळतो. थोडक्यात, गॅस असेल आणि भात वरचेवर करणार असाल तर वोक घ्या. नाहीतर आधी आहे त्या पॅनमध्ये हात बसवा.

धातू

कार्बन स्टील ही बहुतेकांसाठी माझी पहिली शिफारस. यात जवळपास सगळं लोखंडच असतं, कार्बन साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. पत्रा दीड ते दोन मिलिमीटरचा असावा. त्याहून बराच पातळ पत्रा मोठ्या आचेवर वाकडा होतो, विशेषतः इंडक्शनवर बूड फुगून भांडं गरगर फिरायला लागतं. ३५ सेंटिमीटरचा वोक या जाडीत दोन किलोच्या आतबाहेर बसतो, म्हणजे एका हाताने उचलता येतो. सर्वांत मोठा गुण म्हणजे तो आचेचं ऐकतो. मोठी केली की लगेच तापतो, कमी केली की लगेच निवतो. करपण्याच्या बेताला आलेला लसूण वाचवायचा असेल तर हा गुण फार कामाचा.

अडचण सुरुवातीची. नव्या वोकवर गंज चढू नये म्हणून कारखान्यातच तेलाचा किंवा मेणाचा थर दिलेला असतो. तो साबण आणि घासणीने खरवडून काढावा लागतो. मग खिडक्या उघडून रिकामा वोक मोठ्या आचेवर ठेवायचा. करडा धातू आधी गवतासारखा पिवळा दिसायला लागतो, मग जांभळट, मग गडद निळा. बुडाला निळा रंग आला की वोक तिरपा धरून बाजूंनाही तो रंग येईपर्यंत फिरवत राहायचं. निवल्यावर चिंधीने तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि ती चिंधी टाकून कोरड्या चिंधीने जवळजवळ सगळं तेल पुसून घ्यायचं. मग पुन्हा धूर येईपर्यंत तापवायचं. इथे बहुतेकांचा हात सैल पडतो. तेल जास्त राहिलं की कडक थर बनण्याऐवजी चिकट, पिवळी साय बनते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दांडा लाकडी असेल तर शक्य असल्यास काढून ठेवा, नाहीतर ओल्या फडक्याने गुंडाळा.

हा थर सुरुवातीला नाजूक असतो. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू यांनी तो निघतो, म्हणून पहिले काही आठवडे आंबट पदार्थ त्यात शिजवू नयेत. धुतल्यावर ओला ठेवला तर सकाळी नारिंगी ठिपके दिसतात. घाबरायचं नाही, घासा, तापवा, तेलाचा हात फिरवा. पण भांडी धुऊन ओट्यावर निथळत ठेवायची सवय ज्यांना मोडवणार नाही, त्यांनी हा वोक घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन.

बिडाचे वोक दोन जातींचे आणि त्यांची गल्लत फार होते. चिनी पद्धतीचा बिडाचा वोक पातळ ओतीव असतो, वजनाला आवाक्यातला. त्यावर तेलाचा थर कार्बन स्टीलपेक्षाही छान धरतो, पण तो ठिसूळ असतो. फरशीवर पडला किंवा तापलेल्या वोकवर गार पाणी ओतलं तर तडकू शकतो. दुसरा जाड, चार-पाच किलोचा. हा उचलून काही करायचं स्वप्न सोडा. याची बाजू घेणारे म्हणतात की अशक्त शेगडीवर तोच बरा, कारण आधी सात-आठ मिनिटं तापवून ठेवला की साठवलेल्या उष्णतेवर भाजीचा पहिला घाणा चांगला निघतो. म्हणणं चुकीचं नाही. पण पहिल्या घाण्यानंतर पुन्हा तापायला तो तितकाच वेळ घेतो आणि एकदा तापला की लवकर निवत नाही. एकट्यापुरतं किंवा दोघांपुरतं करणाऱ्याला चालेल. चार जणांसाठी पाठोपाठ घाणे काढायचे तर नको.

नॉनस्टिक वोक खरं तर स्वतःच्याच कामाच्या विरोधात बनवलेला आहे. त्याच्यावरचा नेहमीचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि मोठ्या आचेवरचा रिकामा वोक काही मिनिटांतच तिथवर जातो. त्याहून जास्त तापला तर निघणारा धूर माणसाला त्रासदायक आणि घरात पाळलेल्या पक्ष्यांना जीवघेणा. म्हणजे आच मध्यम ठेवायची, आणि मध्यम आचेवर भाजीला पाणी सुटतं. लोखंडी झारा चालत नाही, लेपही काही वर्षांत उतरतो. तरीही एका कामात तो चोख आहे. कमी तेलात, घाई न करता, थोडा भात मोकळा परतायचा असेल तर शितं तळाला लागत नाहीत. ज्यांना मोठ्या आचेचा धूर आणि आवाज नकोच आहे, त्यांना हा सोयीचा.

स्टेनलेस स्टीलबद्दल थोडक्यात: आंबट रस्सा चालतो, गंजत नाही, पण उष्णता वाहून नेण्यात कार्बन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून चांगल्या भांड्यात मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर घालतात, तेव्हा ते जड आणि महाग होतं. त्यात भात हमखास चिकटतो. भाजी आणि भातासाठी मी घेणार नाही.

गोल बूड की सपाट

गोल बुडाचा वोक हा मूळ आकार आणि खास वोक-बर्नरवर त्याला तोड नाही. साध्या गॅसच्या जाळीवर मात्र तो डुगडुगतो. त्याखाली कडं ठेवलं तर तो स्थिर होतो, पण ज्योतीपासून वर उचलला जातो आणि आधीच अपुरी आच आणखी कमी पोहोचते. इंडक्शनवर तर गोल बूड जवळपास निरुपयोगी, खास खोलगट इंडक्शन शेगडी असेल तरच उपयोग. घरासाठी सपाट बूड घ्या, पण त्याचा व्यास बघा. १२ ते १५ सेंटिमीटर पुरे. त्याहून मोठं असेल तर तो वोक राहत नाही, उंच काठांचा पॅन होतो.

आकार ३५ सेंटिमीटर. तीसचा वोक एकट्याला बरा, पण दोघांचा भात त्यात ढवळताना बाहेर येतो.

दांड्याचा प्रश्न चवीशी जोडलेला आहे, हे पटकन लक्षात येत नाही. एक लांब दांडा असलेला वोक उत्तर चीनकडचा, दोन कानांचा दक्षिण चीनमधल्या कँटनी पद्धतीचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये फ्राइड राइस उडवण्याच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आचारी वोक सेकंदाला जवळपास तीन वेळा हलवतात आणि ते करताना तो हवेत न उचलता शेगडीच्या कडेवर टेकवूनच पुढे-मागे डोलवतात, असं त्यात दिसलं. सपाट बुडाचा वोक घरच्या जाळीवर असा डोलतच नाही. घरी आपण तो उचलतो आणि उचलला की आच तुटते. इंडक्शनवर तर शेगडीच बंद होते. म्हणून उडवण्याची हौस बाजूला ठेवून झाऱ्याने तळापासून परतावं. लांब दांडा तरीही घ्या. तो एका हाताने वोक रोखून धरायला आणि झालेली भाजी ताटात ओतायला लागतो. समोर छोटा कान असेल तर आणखी चांगलं.

भाज्या: एकदम की घाण्याघाण्याने

घाण्याघाण्याने, यात दुमत नको. घरच्या बर्नरवर एका वेळी २०० ते २५० ग्रॅम भाजी, त्याहून जास्त नाही. धुतलेली भाजी फडक्याने खरोखर कोरडी करा. पालेभाजीच्या पानांत अडकलेलं पाणी आख्ख्या घाण्याची आच खाऊन टाकतं. वोकमधून धुराची पहिली पुसट रेघ निघाली की तेल, लगेच भाजी. कान द्या. सुरुवातीचा कोरडा चरचराट मंदावून त्याची जागा बुडबुड्यांच्या आवाजाने घेतली की समजायचं, पाणी सुटलंय आणि आता भाजी शिजतेय, परतली जात नाही. अशा वेळी ढवळणं थांबवा आणि आच पूर्ण मोठी करा. चरचराट परत आला नाही तर पुढचा घाणा निम्मा घ्या. मीठ अगदी शेवटी, कारण ते पाणी ओढून काढतं. गाजर, ब्रोकोलीसारख्या कडक भाज्या मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केल्या तर वोकमधला वेळ वाचतो. सगळे घाणे वेगळे काढून शेवटी एकत्र करायचे आणि सोया सॉस भाजीवर न ओतता वोकच्या तापलेल्या कडेवरून सोडायचा. तिथे तो क्षणात आटतो आणि त्याचा वास बदलतो.

तेल शुद्ध केलेलं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्या, त्यांना धूर यायला साधारण २२५ अंशांपुढचं तापमान लागतं. तिळाचं खमंग तेल त्याच्या बरंच आधी जळतं. ते आच बंद केल्यावर, चमचाभर.

भात: कालचा की आजचा

शिळाच हवा, हा नियम अर्धाच खरा. शिजलेला भात गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत वेगाने घडतं, म्हणून कालची शितं तुटत नाहीत. पण वोकमध्ये भाताचा गिचका होतो तो मुख्यतः शितांवरच्या ओलाव्यामुळे. गरम भात घट्ट झाकणाच्या डब्यात भरून रात्रभर ठेवला तर वाफ आतच राहते आणि असा भात सकाळी ओलसर गोळा बनलेला असतो. त्यापेक्षा थोड्या कमी पाण्यात शिजवलेला ताजा भात परातीत पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवला तर जास्त मोकळा परततो. वेळ असेल तर दोन्ही करा: पसरून वाफ घालवा, मग उघडाच फ्रिजमध्ये ठेवा. तांदूळ लांब दाण्याचा असावा. चिकट जातीचा नको.

कालचा भात रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजूनही जगतात, खोलीच्या तापमानाला वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत संपवा, असा ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला आहे.

वोकमध्ये एका वेळी शिजलेला भात ३०० ग्रॅम, फार तर ३५०. गोळे वोकमध्ये झाऱ्याने ठेचू नका, आधीच ओल्या बोटांनी फोडून घ्या. मग भात तळाला पसरून अर्धा मिनिट न हलवता ठेवा, खालची शितं थोडी वाळून टणक होऊ द्या, मग उलटा.

वोकसोबत बारा वस्तूंचा संच देऊ करतात, त्यातलं दोनच घ्या: वोकच्या वळणाला बसेल असा गोल कडेचा लोखंडी झारा आणि घट्ट बसणारं झाकण. नॉनस्टिक घेतला असेल तर झारा लाकडी.