ओट्रान्स्क्राइब: फुकट आहे, आणि सुरुवातीला एवढंच पुरतं

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायच्या नोकरीत माझ्या टेबलाखाली पेडल असायचं. पाय दाबला की अमेरिकेतला डॉक्टर बोलायला लागायचा, उचलला की गप्प. ती रात्रपाळी सुटून बरीच वर्षं झाली. आता मी पुण्यात घरी बसून मराठी मुलाखती टाइप करते. संशोधकांच्या, पत्रकारांच्या, अधूनमधून एखाद्या माहितीपटाच्या. पेडल गेलं, त्याच्या जागी ओट्रान्स्क्राइब आलं.

रेकॉर्डिंग ऐकत टाइप करण्यासाठीचं हे टूल, ब्राउझरमध्ये चालणारं, मोफत, मुक्तस्रोत. इलियट बेंटली या पत्रकाराने बनवलेलं, आणि स्वतः मुलाखती उतरवणाऱ्याने केलंय हे लगेच कळतं. वर प्लेअर, खाली कोरा कागद, बस. एस्केप दाबलं की आवाज थांबतो, पुन्हा दाबलं की चालू. एफ १ ने मागे, एफ २ ने पुढे, एफ ३ ने वेग कमी, एफ ४ ने जास्त. कंट्रोल आणि जे एकत्र दाबलं की त्या क्षणाची वेळ मजकुरात उमटते, आणि नंतर त्या वेळेवर क्लिक केलं की आवाज थेट तिथे जातो. न कळलेल्या शब्दापाशी मी नुसती वेळ टाकून पुढे सरकते, शेवटी सगळे अडलेले एकदम ऐकते. निम्मे तर तोवर सुटलेलेच असतात, कारण बोलणाऱ्याची लकब कानात बसलेली असते.

इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, मराठी टायपिंग चालू असताना या कळा तशाच चालतात. बोटं कीबोर्डवरून उठत नाहीत. बऱ्याच लॅपटॉपवर एफ-कळांसोबत एफएनही दाबावं लागतं, ते सेटिंगमध्ये एकदा बदलून घ्या. नाहीतर मागे जायला जाल आणि स्क्रीनचा उजेड कमी कराल.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ऑडिओ तुमच्याच मशीनवर राहतो, कुठे अपलोड होत नाही. ऊसतोडीला जाणारी बाई मुकादमाबद्दल, उचलीबद्दल काय बोलली ते कुणाच्या सर्व्हरवर जायला नको. संशोधक पहिला प्रश्न तोच विचारतात. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की मजकूरसुद्धा त्या ब्राउझरातच साठतो. कुणी साफसफाई म्हणून ब्राउझरचा डेटा पुसला की काम गेलं. रोज उठण्याआधी एक्सपोर्ट करा. शिवाय जुन्या रेकॉर्डरच्या काही फाइली ब्राउझर वाजवत नाही, त्या आधी एमपी३ करून घ्याव्या लागतात.

आणि हो, हे स्वतः काही टाइप करत नाही. तसं हवं असेल तर ओपनएआयचं व्हिस्पर आहे, २०२२ मध्ये आलं, मराठीही ओळखतं. एकटा माणूस, स्वच्छ माइक, प्रमाण भाषा असेल तर कच्चा मसुदा बरा मिळतो. पारावर चारजण एकदम बोलतायत, मागे ट्रॅक्टर, त्यात बीडकडची बोली, अशा वेळी तो मसुदा दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावर सुरुवात केलेली परवडते. शिवाय ऊसतोडीत एक कोयता म्हणजे राबणारं नवरा-बायकोचं जोडपं हे ज्याला माहीत नाही, त्याला ‘दहा कोयते गेले’ हे नीट ऐकू येऊनही चुकीचं समजतं.

हल्ली ओळखीतली मुलं विचारतात, ताई, यात करिअर आहे का? मेडिकलमध्ये मी असताना ६५ अक्षरांची एक ओळ धरून पैसे मिळायचे. आता तिथे मशीनने केलेला मसुदा तपासण्याचंच काम जास्त, त्यामुळे फक्त वेगाच्या जोरावर नव्याने शिरू नका. सरकारी वाट हवी असेल तर न्यायालयातले लघुलेखक आणि विधिमंडळातलं बोलणं टिपून घेणारे प्रतिवेदक आहेत, पण तिथे लघुलेखन पक्कं लागतं. परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा देऊन ठेवा, घरून काम करतानाही तो हात उपयोगी पडतो. सबटायटल्सचं काम वेगळं, त्यात ऐकण्याइतकंच वाक्य कापून छोटं करता यावं लागतं. मराठी मुलाखतींना मागणी आहे, फक्त ती जाहिरातीत दिसत नाही. एका संशोधकाने दुसऱ्याला सांगितलं की काम येतं. नोंदणी फी मागणारा कुणीही भेटला तर फोन ठेवा. महागडा कोर्सही नको. हे टूल उघडा, एखादं जुनं भाषण घ्या आणि दहा मिनिटं उतरवून बघा.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. दर ठरतो ऑडिओच्या मिनिटावर, तुमच्या मिनिटावर नाही. स्वच्छ आवाजाच्या एका तासाला सरावलेल्या माणसाचे चार तास जातात, गटचर्चेला सहासुद्धा. समजा मिनिटाला १५ रुपये ठरले. तासाच्या ऑडिओचे ९०० झाले, ऐकायला बरे वाटतात. सहा तासांनी भागा, तासाला १५० उरतात. त्यात प्रत्येक ‘अं’ आणि अडखळणं जसंच्या तसं हवंय की साफ केलेलं चालेल, हे आधी विचारलं नाही तर अख्खं काम दुसऱ्यांदा करायची वेळ येते.

म्हणून दर सांगण्याआधी मी मधली पाच मिनिटं मागवते. सुरुवातीची नाही. सुरुवातीला सगळेच माइकजवळ बसून सावकाश बोलतात.