लेआऊटमधला रो-हाऊस: एक उन्हाळा अन् एक पावसाळा काढल्यावर

गेल्या दिवाळीत ताबा घेतला. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गावाबाहेरचा लेआऊट, खाली भरकाळी जमीन. घर हवेशीर आहे. मागच्या खिडकीबाहेर कूलरसाठी ओटा काढून दिलाय, हे बिल्डरला सुचलं याचं कौतुक. नळ, वायरिंग, दारं यांची तक्रार नाही.

एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, ती थेट जोत्यापर्यंत. बिल्डर म्हणतो, "भाऊ, काळी जमीन हाय, साऱ्याइच्याच घराले जाते तडे." काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग पाया त्या हिशेबानं नको घ्यायला? मिस्त्री आला, पुट्टी मारली, रंगाचा हात फिरवला, गेला.

माझा पुतण्या सिव्हिल डिप्लोमावाला. त्यानं भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली, बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकली. जूनमधल्या दमदार पावसानंतर काच मधोमध तडकली. भिंत हलतच होती, तिथं पुट्टी काय करणार?

करारनाम्यात 'दुरुस्तीची हमी एक वर्ष' छापलंय. त्याला भिऊ नका. घर घेणाऱ्यांच्या हक्कांसाठीचा रेरा कायदा 2016, त्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं 8 पर्यंत असली तर मात्र त्या स्कीमला महारेराची (राज्याच्या रेरा प्राधिकरणाची) नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक आधी बघा. छोट्या स्कीमवाल्यांना जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

फोनवर नुसतं "पाहू ना भाऊ". कलम लिहून, तडकलेल्या काचेचा फोटो जोडून रजिस्टर पोस्टानं पत्र धाडलं, तेव्हा साहेब इंजिनिअर घेऊन हजर! भेग खोदून, जाळी ठोकून भरली. खरं काम बाहेर झालं. गच्चीचं पाणी पाइपातून जोत्याशीच पडत होतं, ते नालीपर्यंत नेलं आणि घराभोवती उतार देऊन काँक्रीटचा पट्टा टाकला. नवीन काच पोळ्यापासून शाबूत आहे, पण पुढचा उन्हाळा बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

पाचपैकी साडेतीन. न्हाणीतलं पाणी अजून दाराकडेच धावतं. त्याचंही पत्र टाकलंय, 30 दिवस व्हायचेत.