निफ्टी बीज : कोविडच्या पडझडीत घेतलेल्या युनिटांचा हिशेब

सांगलीत माझं मेडिकल आहे. मार्च २०२० मध्ये बाकी गाव बंद आणि आमचं शटर वर, त्यामुळे बाजार कोसळला तेव्हा मी घरी सोफ्यावर बसून आलेख बघत नव्हतो. काउंटरवर मास्कची भांडणं चालली होती. सरकारने तीन पदरी मास्क १० रुपयांना आणि २०० मिलीचं सॅनिटायझर १०० रुपयांना विकायचा हुकूम काढला होता, आणि स्टॉकिस्ट त्या भावात माल द्यायला तयार नव्हता. कंपन्यांचे ताळेबंद वाचायला मला वेळ कुठला? मला अशी वस्तू हवी होती, जी अभ्यास न करता, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मोबाइलवर घेता येईल. म्हणून निफ्टी बीज घेतले. त्याचाच हा रिव्ह्यू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा ईटीएफ, म्हणजे निफ्टी या निर्देशांकातल्या ५० कंपन्यांची मोट, जिचे युनिट शेअरसारखे एनएसई या शेअर बाजारात घेता-विकता येतात. देशातला पहिला ईटीएफ हाच, २००१ साली बेंचमार्क नावाच्या फंड हाऊसने आणलेला. पुढे तो गोल्डमन सॅक्सकडे, मग रिलायन्सकडे आणि २०१९ मध्ये निप्पॉनकडे गेला. जुन्या स्टेटमेंटवर वेगळं नाव दिसलं तर दचकू नका, माल तोच आहे. वर्षाचा खर्च १०० रुपयांमागे पाचएक पैसे. डिसेंबर २०१९ मध्ये एका युनिटचे दहा झाले, तेव्हापासून हिशेब सोपा झाला : निफ्टीला १०० ने भागा आणि वर किंचित धरा. तो वरचा किंचित भाग म्हणजे कंपन्यांचा लाभांश, जो आपल्या हातात न पडता फंडातच मुरतो. दरवर्षी काहीतरी खात्यात जमा व्हावं अशी ज्यांची अपेक्षा असते (आमच्या आईची असते), त्यांना हे आवडणार नाही.

आता खरेदीचं. २० जानेवारीला निफ्टी १२,४३० पर्यंत गेला होता. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स २,९०० हून जास्त अंकांनी आपटला. त्या दिवशी पहिले युनिट घेतले, शंभरीच्या आसपास. १३ तारखेला बाजार उघडताच लोअर सर्किट लागलं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतकी घसरण झाली म्हणून सौदे थांबवले, ४५ मिनिटं सगळं बंद, आणि पुन्हा सुरू झाल्यावर बाजार असा फिरला की संध्याकाळी हिरव्यात. त्याला कोणी तळ म्हणत होते. मग आला २३ मार्चचा सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यूच्या थाळ्या वाजल्या होत्या. पुन्हा सर्किट, पुन्हा ४५ मिनिटं, आणि दिवसअखेर निफ्टी १,१३५ अंक गमावून ७,६१० वर. एका दिवसात १३ टक्के. इकडे त्याच आठवड्यात इस्लामपूरचे रुग्ण सापडले आणि दुकानासमोर क्लोरोक्विनची चिठ्ठी नसलेल्या लोकांची रांग लागली.

त्या सोमवारची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती या उत्पादनाची खरी उणीव आहे. निफ्टी बघता युनिटचा भाव ८० च्या आसपास हवा होता, पण स्क्रीनवर विकणाऱ्यांचे भाव त्याहून रुपया-दीड रुपया वर आणि घेणाऱ्यांचे तेवढेच खाली. मधे पोकळी. एरवी ही दरी दोन-चार पैशांची असते. घबराटीत मोठे दलालसुद्धा हात आखडता घेतात, आणि मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकणारा त्या पोकळीत जातो. ईटीएफचा चालू हिशेबी भाव फंडाच्या साइटवर दिसतो. तो बघायचा, त्याच्या जवळची लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाचीच) टाकायची आणि गिऱ्हाइकाकडे वळायचं. माझ्या ऑर्डरी कधी दहा मिनिटांत लागल्या, कधी लागल्याच नाहीत. न लागलेली ऑर्डर संध्याकाळी आपोआप रद्द होते, त्यात काही जात नाही.

मग साधा इंडेक्स फंड, म्हणजे त्याच ५० कंपन्यांचा म्युच्युअल फंड, का नाही? त्यात ही दरीची भानगड नसते, दिवसअखेरच्या एनएव्हीने, म्हणजे फंडाच्या हिशेबी भावाने, युनिट मिळतात. बरोबर आहे. पण एप्रिलमध्ये बाजार नियामक सेबीने फंडांची त्या दिवसाच्या भावाची मुदत दुपारी ३ वरून १ वर आणली होती, आणि सकाळी १० ते १ हीच माझ्या दुकानातली गर्दीची वेळ. शिवाय शेअरसारखी खरेदी असल्यामुळे ८०-९० रुपयांचं एकेक युनिटही घेता आलं. दुकानाचं भांडवल मी हलवलं नाही. स्टॉकिस्ट तेव्हा उधारीवर माल सोडायला राजी नव्हते, रोख लागत होती. घरखर्चातून उरेल तेवढंच लावलं, कधी दोन हजार, कधी सात. सरासरी भाव नव्वदीच्या खाली बसला.

मेहुण्याचा रोज फोन. "दाजी, निफ्टी सहा हजाराला येणार, थांबा जरा. एवढ्यात घेऊन काय करता?" तो एकटाच नव्हता, टीव्हीवर सूट घातलेली माणसंही तेच सांगत होती. २४ मार्चला निफ्टी ७,५११ ला टेकला आणि तिथून वर सुटला. लॉकडाऊन उठलेला नाही, रुग्ण वाढताहेत, मजूर पायी गावाकडे निघालेत आणि बाजार वर चाललाय, हे माझ्याही डोक्यात बसत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये जानेवारीचा उच्चांक मागे पडला. २००८ ला असं झालं नव्हतं. तेव्हा आधीच्या पातळीजवळ यायला २०१० ची दिवाळी उजाडली होती. पुढची मंदी यातल्या कुठल्या जातीची असेल हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे "२०२० ला आठ महिन्यांत भरून आलं" एवढ्यावर कोणी निफ्टी बीज घेऊ नये.

मेहुण्याने त्या काळात घेतलं ते येस बँक. ५ मार्चला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, भाव कोसळला, मग दोन आठवड्यांत उसळला. तेव्हा विकावं म्हटलं तर १०० हून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी कुलूपबंद. गंमत म्हणजे येस बँक त्या वेळी निफ्टीतही होती. एनएसईने १९ मार्चपासून तिला काढून श्री सिमेंट घेतलं. आम्ही केमिस्ट लोक दर महिन्याला रॅकवरचा एक्सपायरीचा माल बाजूला काढतो, तेच काम इथे दुसरं कोणी करतं आणि मला त्याची खबरही लागत नाही. मात्र हे काढणं फुकट पडतं असं नाही. निफ्टीत असताना घसरण झाली ती युनिटधारकांनी सोसलीच, आणि त्या कुलपातून इंडेक्स फंडही सुटले नव्हते. पण ५० मध्ये एक नासका निघाला तर तो एवढासाच असतो.

तक्रार आहे ती ज्या ब्रोकरच्या ॲपवरून घेतलं त्याच्याबद्दल. घसरणीच्या सकाळी सव्वानऊला लॉगिनचं चक्र फिरत राहायचं, होल्डिंग शून्य दिसायचं, आणि हेल्पलाइनवर संगीत. दुपारपर्यंत सगळं जागेवर यायचं, पण रोजचा सौदा करणाऱ्याचं त्यात दिवाळं निघेल. माझं दुसरं डिमॅट आता वेगळ्या ब्रोकरकडे आहे, ते याच कारणाने.

मुलाच्या डी. फार्मच्या प्रवेशासाठी २०२१ च्या पावसाळ्यानंतर काही युनिट विकले, १७५ च्या पुढे. तोवर दरी पुन्हा पैशांवर आली होती, ऑर्डर टाकली तशी लागली, आणि तेव्हाच्या नियमाने तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात. विकताना डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून युनिट काढण्याचं शुल्क) म्हणून पंधराएक रुपये कापले जातात, युनिट दहा असोत की हजार. म्हणून विकायचे तर एकदम विका, रोज पाच-पाच नको. घेताना तो चार्ज नाही.

पाचपैकी चार. एक गुण त्या २३ मार्चच्या दरीसाठी कापला.