खाजेच्या पुडीचे ४१,६०० रुपये

मेडिकलच्या दारात "अहो, आमच्या सासऱ्यांना अगदी अस्संच होतं" म्हणणारा भला माणूस भेटतो आणि एका वैद्याचा नंबर देतो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गुडघेदुखीवाल्यांना असंच लुटल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. पण नाना ७४ वर्षांचे, रात्र रात्र अंग खाजवून रक्त काढायचे, ॲलर्जीच्या गोळ्यांनी फक्त झोप यायची. स्वतःच्या वडिलांना असं बघा, मग मला भोळा म्हणा.

वैद्य घरी आला. फी नको म्हणाला. (फुकट बघणारा दिसला की दार लावा.) जीभ पाहिली, "रक्त बिघडलंय." खाज रात्री वाढते का, घरात आणखी कुणाला आहे का, काही विचारलं नाही. आणि चहा घेऊन आलेली माझी बायको तिथेच उभी राहून बोटांच्या बेचक्यात खाजवत होती! माझ्या डोळ्यांदेखत. त्यालाही दिसलं असणार. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.

औषध ठरलेल्याच दुकानातून. भाव "साडेतीनशे". मला वाटलं डबीचा. ७२ ग्रॅम भस्म चूर्णात घोटून झाल्यावर कळलं, ग्रॅमचा! २५,२०० रुपये, वर तेलाचे २,४००. "घोटलेलं परत कसं घेणार, साहेब?"

चार दिवसांत खाज उतरली, म्हणून तर आणखी ४० ग्रॅम आणलं, १४,००० चं. कुणीही आणलं असतं. मग नानांचा चेहरा सुजला, साखर ३१० वर गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बेचकी, मनगटं, बेंबीभोवती पाहिलं, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडा दाखवला. खरूज! पुडीत स्टेरॉइड असावं, म्हणाल्या. त्याने खाज दबते, किडे वाढत राहतात. ५ टक्के परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात. खर्च ६४० रुपये. नंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते, तेव्हा घाबरून दुसऱ्या भोंदूकडे पळू नका. आणि अंगावर पुरळच नसेल तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, साखर तपासून घ्या.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच दिले ना?" दुसरा, "पावती?" पावती नव्हती. तिसरा तर प्रश्नही नव्हता: दुकान आमच्या हद्दीत नाही. पलीकडच्या चौकीत म्हणाले, वैद्य घरी आला ना, मग घराची हद्द. म्हणजे फसायच्या आधी नकाशा बघायचा! दुसऱ्या एका कार्यालयात पुडी तपासायला नेली, तर साहेब "सीलबंद नमुना आणा." खलात घोटलेल्या पुडीला सील कोण लावतो? नाव, फोन नंबर, यूपीआयचा स्क्रीनशॉट, सगळं दिलं. "अर्ज ठेवून जा."

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण पावतीशिवाय तिथेही धाप लागेल, तेव्हा पावती आधी. वैद्याचा नोंदणी क्रमांक मागा, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनच्या यादीत शोधा. आमच्याकडे आलेल्याचा फोन आता बंद आहे. अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, स्टेरॉइड अचानक सोडलं तर जिवावर बेतू शकतं. उरलेली फेकूही नका. आमची कपाटात आहे, सील नसलेली.