दुबईत भाड्याने घर बघताय? माझे ४,४४,१५२ रुपये गेलेत, आधी हे वाचा

टोकन २३,६००. डिपॉझिट ६१,३६०. भाड्याच्या पहिल्या चेकच्या बदल्यात ३,०६,८००. आणि वर लाइट-पाण्याचं डिपॉझिट नि इजारी (तिकडची भाडेकराराची सरकारी नोंद) म्हणून ५२,३९२. झाले ४,४४,१५२ रुपये. घेऊन जो गायब झाला तो स्वतःला खेडचा म्हणवत होता, आणि आत्ता या घडीला अजून कोणाला तरी गाठत असणार म्हणून लिहितोय. माझं नाव-गाव विचारू नका, नातेवाईकांचं बोलून झालंय.

नोकरी खरी आहे हे आधी सांगतो, कारण प्रत्येकजण पहिलं तेच विचारतो. लोटे एमआयडीसीत बरीच वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम केलं, तिकडच्या कंपनीची ऑफर आली, व्हिसाचा एक पैसा मी दिला नाही, कायद्याने तो खर्च मालकाचाच असतो. व्हिजिट व्हिसावर पाठवणारे एजंट, पासपोर्ट अडकवून ठेवणारे, हे सगळं आमच्या खाडीपट्ट्यातल्या पोराटोरांना पण माहीत आहे. प्रत्येक वाडीतला कोणीतरी गल्फला आहे. त्यामुळे मी त्या बाजूने पूर्ण सावध होतो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सगळं बघून घेतलं होतं. फटका बसला तो घराच्या बाजूने.

कंपनीने राहायची सोय फक्त सुरुवातीचे पंधरा दिवस दिली होती. बायको-मुलांना न्यायचं तर पगाराच्या अटीबरोबर तुमच्या नावावर रजिस्टर झालेला भाडेकरार, म्हणजे इजारी, दाखवायला लागते. आणि तिकडच्या भारतीय शाळा एप्रिलला सुरू होतात. म्हणजे घर नाही तर इजारी नाही, इजारी नाही तर फॅमिली व्हिसा नाही, आणि मुलांचं वर्ष वाया. ही घाई त्या माणसाला बरोबर कळली होती.

तिकडे असलेल्या आपल्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मावसभावाने अॅड केलं. तिथे याने मेसेज टाकला, अल नाहदाला वन बीएचके, वर्षाचे ५२ हजार दिरहम, चार चेक, म्हणजे भाडं चार हप्त्यांत. मी बघितलेल्या बाकीच्या जाहिराती ६० च्या पुढे होत्या. व्हिडिओ पाठवला, किचनच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो इथपर्यंत. आणि बोलायला इतका आपला, की "काय ओ, यंदा शिमग्याला पालखी तुमच्याकडे कधी येतेय" असं विचारायचा. आता तुम्ही म्हणाल पालखीवरून कोण विश्वास ठेवतं. ठेवतात. परक्या देशात जाताना आपल्याकडचा माणूस भेटला की ठेवतातच, मी एकटा नाही.

टोकन आणि डिपॉझिट यूपीआयने गेलं. मग तिसरी रक्कम मोठी, म्हणून ब्रँचमध्ये जाऊन आरटीजीएस. आणि हाच तो क्षण जो मला झोपू देत नाही. काउंटरवरच्या मॅडमनी खाते नंबर टाकला, स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवली नि म्हणाल्या, "नाव हे येतंय, हेच ना?" एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटीला पैसे सोडण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते याच्यासाठीच. स्क्रीनवर एका बाईचं नाव होतं, दुसऱ्याच राज्यातल्या ब्रँचचं खातं. ना त्याचं नाव, ना त्याने सांगितलेल्या घरमालकाचं. फॉर्म माझ्या हातात होता. पैसे अजून माझ्या खात्यात होते. मी तिथेच उभं राहून त्याला फोन लावला, त्याने एका श्वासात सांगितलं, आमच्या अकाउंटंटची मिसेस आहे, तुम्ही डायरेक्ट दुबईला पाठवलंत तर २० टक्के टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) कापतील, साठ हजार असेच जातील, मी तुमचे वाचवतोय. मागे लाइन होती, मॅडम थांबल्या होत्या, मी हो म्हटलं.

त्यातलं अर्धं सत्य बघा कसं वापरलं. टीसीएस आहे, पण वर्षाला १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या पैशांवर तो लागतच नाही. माझे साडेचार लाख पण नव्हते! हे मला कोणी त्या दिवशी सांगितलं असतं तर. हे सगळ्यांनी लिहून ठेवा, टीसीएसचं नाव काढून भारतातल्या खात्यात पैसे मागणारा चोर आहे. दुबईचं भाडं दुबईत, घरमालकाच्याच नावाने जातं, आणि त्याचं नाव टायटल डीडवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, असतं, ते डीड आधी मागा.

पैसे कुठून आले ते पण ऐका. कलमांची बाग व्यापाऱ्याला दिली त्याची आगाऊ रक्कम, पतसंस्थेतली ठेव मोडली, आणि बायकोच्या पाटल्या.

तिकडे उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बिल्डिंगवर गेलो. बिल्डिंग खरी, फ्लॅट नंबर खरा. वॉचमन केरळचा, त्याने माझा इजारीचा कागद हातात घेतला, शिक्का बघितला आणि काही न बोलता मला लिफ्टने वर नेलं. दारात चपला होत्या, लहान मुलाची सायकल होती. आतल्या बाईंनी सांगितलं, आम्ही इथे चार वर्षं राहतोय. वॉचमन परत येताना एवढंच म्हणाला, असे कागद घेऊन आधीही लोक आलेत.

त्याच रात्री बायकोने घरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, ७१,३०० रुपये त्या खात्यात होल्ड झाले. बाकीचे तोपर्यंत पुढे सरकलेले. असं झालं तर पहिला फोन १९३० ला करा, नातेवाईकांना नंतर.

यापुढचं ऐकून रक्त खवळेल. आमच्या इथल्या ठाण्यात भाऊ गेला तर म्हणे घर दुबईचं, फसवणूक दुबईची, तिकडेच तक्रार द्या. अहो, पैसे तुमच्या हद्दीतल्या ब्रँचमधून गेलेत, भारतातल्या खात्यातून भारतातल्या खात्यात! नाही. मग म्हणे तक्रारदार स्वतः हजर पाहिजे. मी नवीन नोकरीवर, प्रोबेशनवर, तिकीट काढून येऊ? सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो माहिती द्यायची सोय आहे, ऑनलाइन पण देता येते, तीन दिवसांत सही करायची. भावाने मोबाइलवर कलम उघडून दाखवलं तर साहेब म्हणाले, वकील आहेस का. अर्जावर शिक्का मारून दिला, तो एफआयआर नव्हे. अर्ज आणि एफआयआर यातला फरक ज्याला माहीत नाही त्याला ते अर्जावरच घालवतात, हे लक्षात ठेवा. तिकडे ऑनलाइन तक्रार टाकली तर उत्तर, व्यवहार भारतात झालाय, तिथे विचारा. दोन देश आणि मधे मी. बँकेत मॅनेजर म्हणतात, तुम्ही स्वतः सही केलीत. ती सही मी केली, मान्य, पण ते खातं कोणी उघडून दिलं, केवायसी कोणी केलं, त्याचं उत्तर कोण देणार? होल्डवरच्या ७१,३०० साठी कोर्टाचा आदेश आणा म्हणतात, आणि कोर्टात जायला एफआयआर नाही. सांगा आता.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. दुबईतल्या घराच्या जाहिरातीवर परमिट नंबर आणि क्यूआर कोड असतो, माझ्या व्हिडिओवर काहीच नव्हतं. ब्रोकरकडे रेराचं (तिकडचं घर-जमीन व्यवहारांवर देखरेख करणारं सरकारी खातं) कार्ड लागतं, दुबई रेस्ट या सरकारी अॅपवर त्याचा नंबर टाकून बघता येतं, इजारीही तिथेच तपासता येते. लाइट-पाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला २,००० दिरहम असतं आणि ते तुम्ही स्वतः देवाला भरायचं (देवा म्हणजे तिकडचं वीज-पाणी खातं), मधल्या माणसाला नाही. बायको-मुलांची तिकिटं आधी काढू नका, शाळेने घाई केली तरी. घर डोळ्याने बघितल्याशिवाय टोकनसुद्धा नको, मग समोरचा सख्ख्या गावचा असो.

मुलं अजून गावच्याच शाळेत आहेत, मी चौघांच्यात एका खोलीत बेड स्पेसवर.

त्या ग्रुपमधल्या अजून कोणाचे पैसे याच बाईच्या खात्यात गेले असतील तर मला मेसेज करा. सगळ्यांच्या १९३० च्या तक्रारींचे नंबर एकत्र करून एकच अर्ज जिल्ह्याच्या एसपींना द्यायचाय, वकील बघून ठेवलाय.