रोहित पाहायचेत? भिगवण की ऐरोली

पुण्या-मुंबईहून एका दिवसात फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, पाहून यायचं तर दोन जागा हमखास सुचवल्या जातात: उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं भिगवण आणि ठाणे खाडीवरची ऐरोली. जवळ काय पडतं ते नंतर. आधी कुठला रोहित हवाय ते ठरवा.

भिगवणला येतो तो मोठा रोहित. उंच, पांढुरका, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं. खाडीत मोठेही असतात, पण गर्दी छोट्या रोहितांची: बुटके, अंगाने जास्त गुलाबी, चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. छोटा भिगवणला सहसा मिळत नाही. पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत तोच भरायचा असेल तर प्रश्न मिटला, ऐरोली.

वेळेचं गणित दोन्हीकडे पाण्यावर. ऐरोलीची बोट भरती-ओहोटी पाहूनच सुटते. पूर्ण ओहोटीला बोटीपुरतं पाणी नसतं, ऐन भरतीत चिखल बुडून पक्षी उठून जातात. त्यामुळे रविवार मोकळा आहे म्हणून निघू नका, वेळापत्रक बघून आधी बुकिंग करा. भिगवणला भरतीची कटकट नाही, पण धरण काठोकाठ असेल तर रोहितांना उभं राहायला उथळ जागाच उरत नाही. शेतीला पाणी सुटून पातळी उतरली की ते दिसू लागतात, साधारण जानेवारी ते मार्च. निघण्याआधी भिगवणजवळच्या कुंभारगावच्या एखाद्या नाववाल्याला फोन करून "पाणी किती उतरलंय?" एवढं विचाराच.

माझं मत भिगवणला. मच्छीमारांची छोटी नाव, आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीवर. रोहित पायांनी गाळ ढवळतो आणि मान खाली घालून उलट्या चोचीने तो चाळतो, हे तिथून नीट दिसतं. त्याच फेरीत पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक हे पक्षीही पाहून होतात, आणि परतताना तळलेली चिलापी मासळी. फक्त फोटोसाठी थवा उडवायला सांगू नका. काही नावाडी ऐकतात, आणि पक्ष्यांचं खाणं मोडतं.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. पहाटे चारला निघालात तर उजाडताना नावेत. मुंबईकरांना मात्र हा हेलपाटा एका दिवसात झेपणारा नाही, लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर नाहीच. त्यांनी ऐरोली गाठावी, अर्ध्या दिवसात काम होतं.