मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र : आजाऱ्याच्या उशाशी ठेवण्याजोगी प्रत

संकटात सापडलेल्या माणसाला भेट द्यायची झाली, तर वचनकार्डांचा (बायबलमधील एकेक वचन छापलेल्या कार्डांचा) डबा, वचनांची दिनदर्शिका किंवा मोबाइलवर रोज सकाळी येणारे एखादे वचन यांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेले संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कितीतरी अधिक उपयोगी पडते, असे आता माझे ठाम मत झाले आहे. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावर घरातील जुन्या बायबलची बारीक अक्षरे तिला दिसेनाशी झाली, म्हणून एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून मी ही प्रत आणली. भाषांतर आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) वर्षानुवर्षे वाचले जाणारेच आहे. त्यामुळे तिला पाठ असलेली वचने जशीच्या तशी तिच्या कानावर पडली.

अक्षरे ठळक आहेत आणि ओळींत पुरेशी मोकळीक आहे. खोलीतील दिवा मंद असला तरी डोळ्यांना ताण पडत नाही. मात्र कागद पातळ असल्याने मागच्या पानावरील छपाई पुसटशी दिसते, आणि ग्रंथ इतका जड आहे की निजलेल्या माणसाला तो स्वतः हातात धरता येत नाही. खुणेची फीतही एकच आहे, तेव्हा जुना आणि नवा करार या बायबलच्या दोन्ही भागांत एकाच वेळी वाचन चालू असेल, तर दुसरी खूण आपली आपणच ठेवावी लागते.

ही प्रत संपूर्ण असण्याचे मोल मला नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्र वाचताना कळले. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ हे चौथ्या अध्यायातील वचन ख्रिस्ती घरांतील भिंतींवर सर्रास दिसते. तेवढेच वाचले, तर आजाऱ्याच्या माणसांना ती आज्ञा जड वाटते, आणि तसे वाटण्यात अविश्वास आहे असे मी मानत नाही. परंतु अवघ्या चार अध्यायांचे हे पत्र सलग वाचले की लक्षात येते, की लिहिणारा प्रेषित पौल बेड्यांत आहे आणि खटल्याचा निकाल जगण्याकडे झुकेल की मरणाकडे, हे त्याला ठाऊक नाही. दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत याच्या दुखण्याची हकिकत आहे. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, देवाने त्याच्यावर आणि माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल मोकळेपणाने लिहितो. आनंद करा असे सांगणारा माणूस स्वतः भीती आणि दुःख यांतून गेलेला आहे, हे आम्हांला त्या पानावर दिसले, आणि त्यानंतर चौथा अध्याय वाचताना ती आज्ञा आधारासारखी वाटू लागली. ज्या फिलिप्पै शहरातील मंडळीला हे पत्र गेले, त्याच शहरातील तुरुंगात पौल आणि त्याचा सहकारी सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री स्तोत्रे गात होते, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. ते आधी वाचून मग पत्राकडे वळावे.

आईला मात्र जुन्या करारातील हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा पुन्हा हवा असे. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असे तो संदेष्टा म्हणतो. दुष्काळात दावणीची जनावरे गेलेली पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला या यादीतील एकही ओळ समजावून सांगावी लागत नाही. येथे पाऊस पडल्याचे किंवा गोठा पुन्हा भरल्याचे कोठेही लिहिलेले नाही. आनंद त्याआधीच आला आहे. आणि ज्या दिवशी तोही आनंद जवळ करता येत नव्हता, त्या दिवशी आम्ही स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले, ज्याचा शेवट अंधारातच होतो. वचनकार्डांच्या डब्यात हे स्तोत्र सहसा सापडणार नाही. ते पवित्र शास्त्रात आहे, आणि देवापुढे असेही बोलता येते, याने आईला फार धीर आला. वाचन संपल्यावर तिने ‘आमेन’ म्हटले, आणि ते नेहमीपेक्षा स्पष्ट होते.

या प्रतीत प्रत्येक पुस्तकाची प्रस्तावना किंवा खुलासेवार टिपा नाहीत. त्या हव्या असतील, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ सोबतीला ठेवावे. तुलनेसाठी पंडिता रमाबाईंचे भाषांतर मिळाले, तर तेही जरूर पाहावे. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सुरू केलेले ते काम त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये वारल्यानंतरही चालूच ठेवले आणि 1922 च्या एप्रिलमध्ये आपल्या मृत्यूपूर्वी ते पुरे केले. दुःखातही आनंद धरून राहण्याविषयी त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलू शकणारी माणसे मराठीत थोडीच आहेत.

विकत घेताना दुकानातच फिलिप्पैकरांस पत्राचे पान उघडून, आजाऱ्याच्या उशापासून जेवढ्या अंतरावर आपण बसणार तेवढ्या अंतरावरून ते वाचून पाहावे. आजारी माणूस स्वतः वाचणार असेल, तर केवळ नवा करार आणि स्तोत्रसंहिता असलेली हलकी प्रत मिळते का याची चौकशी करावी. दुसरे कोणी वाचून दाखवणार असेल, तर हीच घ्यावी.